गोमुखाच्या अलीकडून वळायचं

आप्पा,

तुमच्या माघारी घरात जो येतो तो मला एकच सांगून जातो. चहा घेतो, तुमच्या फोटोकडे बघतो, दोन शब्द चांगले बोलतो आणि निघताना उंबऱ्याशी थांबून म्हणतो, "जोडून टाक गं तेवढा तुकडा. म्हाताऱ्याची शेवटची इच्छा होती." परवा तुमची बहीण म्हणाली. काल बसवराज म्हणाला. तुमचाच मुलगा आणि माझा नवरा, ज्यानं आपण दोघं वर्षभर त्या स्क्रीनपुढं काय करतोय हे एकदाही वाकून बघितलं नाही. तुकडा कुठला, तो कशाला जोडायचा, यातलं कुणाला काही माहीत नाही. इच्छा तेवढी सगळ्यांना पाठ आहे.

मी नाही जोडणार. तुम्ही होतात तेव्हा तोंडावर सांगितलं होतं, आता फोटोला सांगतेय. तुम्ही गेलात म्हणून सून विरघळेल असं वाटलं असेल, तर इतकी वर्षं एका घरात राहूनही तुम्ही मला ओळखलं नाहीत.

चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. लिंगैक्य झाल्याची बातमी, फेटा घातलेला तुमचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरात 'शांत, संयमी व्यक्तिमत्त्व'. मी रिक्षात होते. इतक्या मोठ्यानं हसले की रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. ज्या माणसानं भर जत्रेत फटफटीचा सायलेन्सर काढून ठेवला आणि गावच्या म्हशी दावणी तोडून पळाल्या, तो शांत! मला खाली उतरून ती अक्षरं खरवडून काढावीशी वाटली. बसवराजला सांगितलं तर म्हणाला, असं लिहायची पद्धत असते. असेल. तुम्हाला गुळगुळीत करून ठेवायची सगळ्यांना फार घाई झालीय.

कुणाला आपलं काम समजावून सांगायचं म्हटलं की मला दरवेळी देवळापासून सुरुवात करावी लागते. लातूरहून नांदेडकडं जाताना अहमदपूरच्या अलीकडं आपलं गाव, गावाबाहेर महादेव. महादेवाला पुरी प्रदक्षिणा नसते. पिंडीवरचं पाणी गोमुखातून बाहेर पडतं, ती धार ओलांडायची नाही. तिथपर्यंत जायचं आणि आल्या वाटेनं माघारी फिरायचं. एवढं कुणालाही माहीत असतं. पण शिवरात्रीच्या जत्रेत फटफट्यांची शर्यत लावायची, ती देवळाभोवतीच लावायची, आणि मग फटफट्यांनाही तोच नियम लावायचा, हे फक्त आपल्या गावाला सुचलं. जुन्या पंचांनी परवानगी दिली ती त्याच अटीवर. गोमुखाचा चर देवळापासून तळ्यापर्यंत गेलेला. त्याच्या एका काठावरून सुटायचं. देऊळ, चिंचांची ओळ, रानातला कच्चा रस्ता, तळ्याचा बांध असं मोठं वर्तुळ मारून चराच्या दुसऱ्या काठाला पोचायचं. सुटलो ती जागा समोर दिसतेय, लहान पोरगंही उडी मारून जाईल एवढं अंतर. पण नाही. तिथं गाडी वळवायची आणि आख्खं वर्तुळ उलटं मारायचं. पुढचा परत येतोय, मागचा अजून जातोय, दोघं एकाच वाटेवर समोरासमोर. शेवटी एका वर्षी धडक झाली, दोघांचे पाय मोडले आणि शर्यत कायमची बंद पडली.

मी हे लग्नानंतर कितीदा ऐकलं होतं आणि कितीदा सोडून दिलं होतं. मी नांदेडची, बिल्डरांसाठी न झालेल्या इमारतींची चित्रं कंप्युटरवर काढून देणारी. या घरात आले तेव्हा सगळ्यांना वाटलं, वर्षभरात बाईचं कंप्युटरचं खूळ सुटेल. दुपारी कामातून वेळ मिळाला की मी रेसिंगचा सिम्युलेटर लावून बसायची. त्याबद्दल घरात काय काय बोललं जायचं ते तुम्ही ऐकलेलं आहे. एका दुपारी तुम्ही माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिलात. मी परदेशातल्या एका जुन्या ट्रॅकवर गाडी पळवत होते.

"हे कुठलं गाव?" तुम्ही विचारलंत.

"गाव नाही आप्पा, ट्रॅक आहे. म्हणजे होता. मोडून तिथं घरं बांधलीत."

"मोडलाय म्हनतीस, मग तू कशावर फिरून राहिलीस?"

"जुने फोटो बघून, लोकांना विचारून कुणीतरी परत बनवलाय."

मी लॅप संपवला, मागं वळून बघितलं तर अजून उभेच.

"आपला बनंल का?"

आप्पा, या घरात मला 'हे बंद कधी करणार' असं विचारणारे पुष्कळ होते. 'बनेल का' असं विचारणारे तुम्ही पहिले. हे तुम्हाला सांगायचं राहिलं. रोज सांगता आलं असतं, पण रोज काहीतरी भांडण चालू असायचं.

तुम्हाला नकाशा कळायचा नाही. उपग्रहाचा फोटो दाखवला तर म्हणालात, "हे वरून बघनाऱ्याचं गाव हाय, माझं न्हाई." मग माझी स्कूटर काढली. मी पुढं, तुम्ही मागं, तुमच्या गळ्यात आवाज टिपायला मोबाइल अडकवलेला. स्कूटरला गिअर नाहीत म्हणून गिअर तुम्ही तोंडानं टाकायचात. डुर्रर्र करत दुसरा, आवाज चढवून तिसरा, आणि गिअर बदलला की माझ्या खांद्यावर थाप. घरी येऊन मी ते ऐकत बसायची आणि तेवढ्या अंतरावर वळण बसवायची. निम्मा रस्ता तर उरलाच नव्हता. नांदेडचा रस्ता रुंद झाला त्यात चिंचा गेल्या, बांधाकडचा भाग पेट्रोल पंपाखाली गेला. तुम्ही पंपावर हवा भरायच्या जागी उभे राहून म्हणालात, "हितं उतार होता. पोटात गोळा यायचा." हवा भरणारा माणूस नळी हातात धरून आपल्याकडं बघत राहिला. जिथं रस्ता नव्हता तिथला रस्ता तुम्ही घरी खुर्चीत बसून, डोळे मिटून चालवायचात. तुम्ही कुणीकडं कलला, किती वेळ कललेले राहिलात, त्यावरून मी गोलाई काढायची. बिल्डरांची एवढी कामं केली, पण माणसाच्या कलण्यावरून रस्ता मी आधी कधी काढला नव्हता.

बोलणं झालंच. सून पुढं, सासरा मागं, आणि सासरा तोंडानं फटफटी वाजवतोय. तुमच्या बहिणीनं मला फोन केला, "दादाच्या डोक्यावर परिणाम झालाय का गं?" तुम्ही फोन ओढून घेतलात आणि म्हणालात, "हाव, झालाय. लई उशिरा झाला."

एका जागी मात्र तुमची गाडी दरवेळी अडायची. चराच्या काठावरचं ते वळण. "हितं खडी होती," तुम्ही सांगायचात. "बारीक खडी. चाक घसरायचं. म्हनून हारायचो मी, न्हाई तर इस्माईलची काय बिशाद?" इस्माईलचाचा, लातुरात गंजगोलाईच्या गोल बाजारामागं तुमच्या गॅरेजला लागून ज्यांचं टायरचं दुकान होतं ते. आता नांदेडला मुलीकडं असतात. दर जत्रेत पहिले चाचा, दुसरे तुम्ही. मी तिथं खडी टाकली. चाक घसरेल, धूळ उडेल, गाडीचं मागचं अंग बाहेर फेकलं जाईल, सगळं तुमच्या सांगण्याबरहुकूम केलं. जुन्या बाजारातून आणलेलं हँडल टेबलाला आवळून तुम्ही चालवायला बसलात, वळणावर घसरलात आणि समाधानानं म्हणालात, "बघ. सांगितलं होतं का न्हाई?"

मग तो निरोप आला. जुने ट्रॅक खेळात पुन्हा उभे करणाऱ्यांचा जगभरचा एक गट आहे. त्यांच्या यादीत नाव लागलं की हजारो लोक येऊन फिरवतात. नाही लागलं तर आपण दोघं आणि समोरची भिंत. त्यांच्यातल्या तपासणाऱ्यानं कळवलं की काम देखणं आहे, पण एकाच रस्त्यावर समोरून येणारी गाडी आम्हाला चालत नाही. शेवटचा छोटा तुकडा जोडा, वर्तुळ पुरं करा, लगेच घेतो. खेळाचंही तेच म्हणणं होतं. तुम्ही वळून परत निघालात की स्क्रीनवर लाल अक्षरं यायची, 'उलट दिशा'. तुम्ही त्या अक्षरांना शिव्या द्यायचात, ते बघायला मला फार आवडायचं. ती अक्षरं घालवायची युक्ती मी शोधली. जायचा आणि यायचा असे दोन रस्ते एकावर एक अंथरलेत असं खेळाला पटवलं. गटाला मात्र पटवता येईना.

मला वाटलं, तुम्ही त्या तपासणाऱ्याची सात पिढ्यांसकट आठवण काढाल. तुम्ही म्हणालात, "मग जोड की."

"आप्पा, चर आहे तिथं."

"कंप्युटरात कुठला चर न् कुठला देव? चार बोटं जागा हाय. जोडून टाक."

"आणि तुमची शर्यत?"

"शर्यतीचंच बोलून राहिलो मी. लोक आले पाहिजेत माय. तिकडं जपानातला मानूस आपल्या महादेवाला फिरला पाहिजे."

"चर ओलांडून फिरला तर तो आपला महादेव कसा?"

तुम्ही ताकाचा पेला खाली ठेवलात. "तुला बोलायला काय जातंय? त्या वळनावर मी हारलोय. तू न्हाई."

तेव्हा मला कळलं. वळणच काढून टाकलं की इस्माईलचाचा जिंकणार कुठं? सरळ रस्त्यावर तुम्हाला कुणी धरू शकत नव्हतं. म्हणजे इतक्या वर्षांनी, सुनेच्या हातून, गपचूप निकाल फिरवायचा होता तुम्हाला. मी हसले. तुम्ही चिडलात. म्हणालात, "तुझ्यापरीस इस्माईल बरा. तो वर्सातनं एकदाच हरवायचा." आणि मग अबोला धरलात. माझ्या समोर बसून मीठ बसवराजकडून मागायला लागलात. मीही कच्च्या गुरूची चेली नाही, मीठ बसवराजच्याच हाती द्यायला लागले.

आणि एका दुपारी जेवून आडवे झालात ते उठला नाहीत. अबोला तसाच. असं करतात का आप्पा? भांडण चालू असताना उठून जायचं नसतं, एवढं तर पोरांनाही शिकवतो आपण. मला राग आलाय. अजून जात नाहीये. एकदा बाजारात जाताना स्कूटरनं वेग घेतला आणि मी खांद्यावरच्या थापेची वाट बघत राहिले. कडेला गाडी लावून रडले. पालक विकणाऱ्या बाईनं पाणी दिलं, वर विचारलं, कोण गेलं? म्हटलं, सासरे. ती म्हणाली, सासऱ्यासाठी एवढं? मी म्हटलं, हाव, एवढं.

बसवराजशी त्या रात्री जेवताना वाजलं. तो म्हणाला, "त्यांची इच्छा होती. तू कोण नाही म्हणणारी?"

"बनवणारी."

"लोक फिरणार नाहीत त्यावर. बाबांना लोक हवे होते."

हे खरं आहे, आप्पा. तेवढं एकच खरं मला टोचतंय. मी हट्ट धरला तर तुमच्या महादेवाला जपानातून कुणी येणार नाही. ज्यासाठी तुम्ही वर्षभर तोंडानं फटफटी वाजवलीत ते होणारच नाही, आणि ते माझ्यामुळं होणार नाही. दोन दिवस मी खरोखर डगमगले. तुकडा जोडायला किती वेळ लागतो? चहा गार होणार नाही एवढा.

त्याच सुमाराला इस्माईलचाचा भेटायला आले. नांदेडहून एसटीनं, एकटे, काठी टेकत. तुमच्या फोटोपुढं नुसते बसून राहिले. चांगले शब्द वगैरे काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "बेटी, वो तुम दोनों क्या तो बना रहे थे बोलके बस्सू बोला. दिखा."

मी त्यांना खुर्चीत बसवलं, हातात हँडल दिलं. पहिल्याच फेरीत म्हातारा असा काय पळाला, तुम्ही बघायला हवे होतात. चिंचांपाशी म्हणाले, "बराब्बर." उतारावर पोट धरून म्हणाले, "अगदी बराब्बर." चराच्या काठाला आले, वळायला गेले आणि घसरून पडले. थांबले. माझ्याकडं बघितलं.

"ये खडी किसने डाली?"

"आप्पांनी सांगितली. होती ना तिथं?"

"इधर कब थी खडी? इधर तो जमीन ऐसी साफ, बच्चे गोट्या खेलते थे." मग त्यांनी हँडल सोडलं आणि डोळे पुसायला लागले. मला कळेना, हसतायत का रडतायत. "खडी बोला? विश्वनाथ ने खडी बोला तुमको? बेटी, वो मेरेसे तेज था. पर हर बार इधर आके हात छोडता था. बायां हात. गले के लिंग को लगाता था, फिर मुडता था. अब क्लच का हात छोड दिया तो गाडी क्या खाक उठेगी? मैं बोला उसको, अरे पहले कर ले, नहीं तो बाद में कर ले. बोला, जहाँ मुडना है वहींच करना पडता."

आप्पा, तुम्हाला समाधीत बसवलं तेव्हा जंगमानं गळ्यातलं ते लिंग तुमच्या डाव्या तळहातावर ठेवलं होतं. मी समोर उभी होते. मला काही कळलं नव्हतं तेव्हा.

म्हणजे तुम्ही घसरत नव्हतात. दरवर्षी, सगळ्या जत्रेदेखत, कळून सवरून हरत होतात. आणि त्याची लाज वाटावी तसं खडीवर ढकलत होतात. आणि मला वर विचारता, कंप्युटरात कुठला देव? अहो, तुम्हाला सुसाट गाडीवर दिसत होता तो, आणि माझ्यापुढं खुर्चीत बसून नाही म्हणत होतात! तोंडावर सांगितलं असतंत तर काय झालं असतं? मी हसले नसते. बरं, थोडी हसले असते.

चाचा गेल्यावर मी पहिलं काम केलं ते खडी काढली. सगळी. आता तिथं साफ जमीन आहे, गोट्या खेळता येतील अशी. तुमच्याकडं सांगायला कारण उरलेलं नाही. मग त्या गटाला उत्तर पाठवलं की तुकडा जोडला जाणार नाही, यादीत घ्यायचं तर आहे तसा घ्या. त्यांचं फार सभ्य उत्तर आलं की नियमात बसत नाही. नसेल बसत. लातूरच्या माणसाला गंजगोलाईनं गोल फिरायची सवय लावलीय, तरी आपल्याला कळतं की सगळीच वर्तुळं पुरी करायची नसतात. त्यांना कळायला वेळ लागेल.

ट्रॅक मी माझा मीच सगळ्यांसाठी खुला केला. वर गावाचं नाव, खाली तुमचं. हजारो आले नाहीत. मूठभर येतात. सोलापूरचा एक कॉलेजचा मुलगा आहे, ब्राझीलमधली एक बाई आहे, बाकीच्यांची नावं मला वाचताही येत नाहीत. वळणाशी एकमेकांवर आदळतात, वैतागतात, निम्मे सोडून जातात. त्या बाईनं विचारलं, सुरुवातीची रेघ तर समोर दिसतेय, सरळ का जाऊ देत नाहीस? मी लिहिलं, इथून वळायचं असतं. दुसऱ्या दिवशी ती परत आली.

बसवराज अजून म्हणतो, "बाबांना वाईट वाटेल." वाटू दे. मला कमी वाटतंय का? तुम्ही जिंकायला हवं होतंत, आप्पा. एकदा तरी. मला ते अगदी मनापासून वाटतं आणि तरीही मी तुम्हाला फसवून जिंकवणार नाही. तुम्ही जे केलंत ते कुणाला जमलं नाही, इस्माईलचाचांनाही नाही, आणि ते त्याच वळणावर केलंत. ते वळण बुजवून तिथं मी नुसता एक वेगवान म्हातारा ठेवू? फ्लेक्सवाल्यांनी तेच केलंय, शांत आणि संयमी. माझ्याकडून ते होणार नाही.

तुम्हाला हे पटणार नाही. मला दिसतंय तुमचं तोंड. पेला खाली ठेवून म्हणणार, तुला काय जातंय बोलायला. मग या. भांडण अर्धं टाकून गेलाय तुम्ही, मी नाही. हँडल टेबलालाच आहे. जोडायचंच असेल तर समोर बसा आणि जोडून दाखवा. मी इथंच आहे.